उंचावरच्या तळ्याचा ट्रेक आखताना: हिशोब परतीपासून मांडा

प्रश्न: आम्ही चौघे आहोत. मी, बायको, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझे ६४ वर्षांचे वडील. दोन महिन्यांनी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, जंगलातून चढत जाणाऱ्या वाटेने डोंगरातल्या एका तळ्यापर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यायचा बेत आहे. जाऊन-येऊन १४ किलोमीटर, चढ ७०० मीटर, तळं समुद्रसपाटीपासून २,१५० मीटरवर. वर्णनात 'मध्यम' असं लिहिलंय. रोज चालायची सवय आहे, एक-दोन छोटे ट्रेक झालेत. तयारी कशी करावी, काय न्यावं, आणि वडिलांना न्यावं का?

उत्तर: मी गेली वीस-बावीस वर्षं लोकांना अशा वाटांवर नेतो आहे. तुम्ही लांबी दिलीत, चढ दिलात, उंची दिलीत. पण एक आकडा दिला नाहीत, आणि माझ्या लेखी सगळी आखणी त्याच आकड्याभोवती फिरते. तळ्याकडे पाठ करून परत निघायची वेळ. ती ठरली की घरून किती वाजता निघायचं ते ठरतं, सॅकमध्ये काय हवं ते ठरतं, कुणी कुठवर यायचं तेही ठरतं. म्हणून मी त्या टोकाकडूनच येतो.

आधी तो 'मध्यम' शब्द बाजूला ठेवा. त्याला एकच माप असं कुठे नाही. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरवाटांना टी१ ते टी६ अशा श्रेणी देतात, पण त्या श्रेणी वाट किती अवघड आहे ते सांगतात: पाऊल कुठे टाकावं हे कळतं का, हात टेकावे लागतात का, पडलं तर किती खाली जाल. किती दमाल ते त्या सांगत नाहीत. अमेरिकेतल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाचं सूत्र याच्या उलट, फक्त दमणुकीचं. एकूण चढ फुटांत घ्यायचा, त्याची दुप्पट करायची, मैलांतल्या एकूण अंतराने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर ५० ते १०० मध्ये आलं तर मध्यम, १०० ते १५० मध्ये आलं तर जरा दमवणारी, १५० ते २०० मध्ये आलं तर चांगलीच दमवणारी. तुमचा चढ साधारण २,३०० फूट, अंतर ८.७ मैल. उत्तर येतं २००. मध्यमच्या दोन पायऱ्या वर. हे घाबरवायला सांगत नाही. नीट आखली तर तुमच्यासारख्या कुटुंबाला ही वाट झेपते. पण दिवस त्या शब्दावर बेतू नका, आकड्यांवर बेता.

वेळेचा सगळ्यात जुना ठोकताळा स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिला: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्याने तुमची वाट चार तासांत होते. हा धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा हिशोब आहे, आणि उतरायला वेगळा वेळ तो धरतच नाही. जर्मनीत वाटेवरच्या पाट्यांवर वेळ लिहिण्यासाठी जी पद्धत वापरतात ती मला जास्त भरवशाची वाटते. तासाला ४ किलोमीटर अंतर, ३०० मीटर चढ, ५०० मीटर उतार असं धरायचं. अंतराचा वेळ आणि चढाचा वेळ वेगवेगळा काढायचा; त्यातला मोठा पूर्ण घ्यायचा आणि लहानाचा निम्मा त्यात मिळवायचा. तुमच्या बाबतीत वर जाताना ७ किलोमीटरचे पावणेदोन तास आणि ७०० मीटरचे दोन तास वीस मिनिटं, म्हणजे एकूण सव्वातीन तासांना थोडे कमी. खाली येताना याच रीतीने अडीच तास. मुलगा आणि वडील सोबत आहेत, म्हणून मी त्यावर पाव हिस्सा चढवेन: वर चार तास, खाली तीन. तळ्यावर एक तास. झाले आठ.

आता हे आठ तास घड्याळावर कुठे बसवायचे, याचं उत्तर जमिनीच्या घडणीत आहे. इथे जरा रेंगाळतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की नकाशा बोलायला लागतो.

अशी बरीचशी तळी हिमनदीने कोरलेल्या खोलगट जागेत साठलेली असतात. भूगोलाच्या पुस्तकात त्या जागेला हिमगव्हर म्हणतात. डोंगराच्या कुशीत साचलेला बर्फ स्वतःच्या भाराने सरकताना मागची भिंत उभी कापतो, तळ खोल खरवडतो आणि पुढच्या तोंडाशी खडकाचा एक उंबरा ठेवतो, किंवा वाहून आणलेल्या दगडगोट्यांचा बांध, ज्याला हिमोढ म्हणतात. बर्फ गेला, उंबऱ्यामागे पाणी साचलं, ते तळं. एवढ्या साध्या गोष्टीतून ट्रेकरच्या कामाच्या तीन बाबी निघतात. पहिली: जंगलातली वाट बहुधा ओढ्याच्या काठाने हळूहळू चढते आणि खरा उभा चढ शेवटी येतो, उंबऱ्यापाशी, पाय दमलेले असताना. दुसरी: तळं शेवटच्या पावलापर्यंत दिसत नाही. तिसरी: उभ्या भिंतींच्या सावलीत तिथे बर्फ आजूबाजूच्या उतारांपेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकतो.

यातली दुसरी बाब सगळ्यात जास्त माणसांना अडचणीत आणते. समोर एक कड दिसते, वाटतं तिच्यामागेच तळं. तिथे पोचावं तर मागे आणखी एक. 'आता आलंच' असं म्हणत म्हणत एक वाजतो, दीड वाजतो. तळं दिसत असतं तर लोकांनी अंतर बघून विचार केला असता; न दिसणारं तळं विचार करू देत नाही. म्हणून परतीची वेळ घरी, खुर्चीत बसून ठरवायची आणि चौघांनाही माहीत असायची.

तुम्ही नकाशावर हे आजच बघू शकता. समोच्च रेषा दाखवणारा नकाशा घ्या आणि शेवटच्या दीड-दोन किलोमीटरमधल्या रेषा मोजा. दोन रेषांमध्ये उंचीचा फरक २० मीटर असेल आणि तुम्हाला तिथे पंधरा रेषा दाटीने दिसल्या, तर ३०० मीटर चढ त्या तुकड्यातच आहे. मग उरलेल्या पाच किलोमीटरला फक्त ४०० मीटर राहिले, म्हणजे सकाळ आरामाची आणि शेवट कसाचा. अशा वाटेवर निम्मं अंतर दोन तासांच्या आत झालं तरी हुरळून जायचं नाही.

परतीची वेळ मी साधारणपणे दुपारी बाराच्या पुढे जाऊ देत नाही. तुम्हीही बाराच धरा. बारा वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं, तळं दहा मिनिटांवर आहे असं कुणी सांगितलं तरी. म्हणजे निघायचं साडेसहाला. सगळं ठीक गेलं तर साडेदहाला तळ्यावर, साडेअकराला परत, अडीचला खाली. मध्ये एक तपासणीची जागा ठेवा: जंगल संपून उघडं माळरान जिथे लागतं ती. नकाशावर हिरवा रंग जिथे संपतो तिथवरचा वेळ याच पद्धतीने काढा. त्यापेक्षा पाऊण तास उशीर झाला असेल तर तळ्याचा नाद त्या दिवशी सोडून द्या आणि माळावरच बसून खा. ती जागाही बहुधा फार सुंदर असते.

बारा का? कारण दुपारनंतर तीन गोष्टी एकदम बिघडायला लागतात: ओढे, आकाश आणि पाय.

ओढ्याचं मला स्वतःला शिकावं लागलं. सुरुवातीच्या वर्षांत सहा जणांना घेऊन अशाच एका तळ्यावर गेलो होतो. सकाळी साडेसातला एक ओढा दगडांवर पाय ठेवत, बूट न भिजवता ओलांडला. वर ऊन छान होतं, सगळे रमले, मीही कुणाला उठवलं नाही. परत त्या ओढ्याशी आलो तेव्हा साडेचार वाजले होते. सकाळचे दगड पाण्याखाली गेले होते आणि ओढ्याचा आवाजच निराळा येत होता. आत गोटे घरंगळत असल्याचा. दिवसभर ऊन वर बर्फावर पडतं, ते पाणी दुपारी-संध्याकाळी खाली पोचतं, आणि पहाटेपर्यंत पुन्हा ओसरतं. हे मला वाचून माहीत होतं. घड्याळाशी जोडलं नव्हतं. आम्ही काठाने तासभर वर गेलो, जिथे प्रवाह तीन फाट्यांत पसरला होता तिथे जोडीजोडीने पार झालो आणि शेवटचे दोन किलोमीटर अंधारात, सात जणांत दोन टॉर्चवर उतरलो. कुणाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून मी वाटेतला प्रत्येक ओढा 'संध्याकाळी हा कसा असेल' असं मनात म्हणूनच ओलांडतो.

तुमच्या वाटेवर पूल नसलेले ओढे किती आहेत ते शोधा. ओलांडायची वेळ आलीच तर अरुंद जागा निवडू नका. अरुंद म्हणजे खोल आणि वेगवान. रुंद, पसरट जागा बघा. बूट पायात ठेवा, सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवा म्हणजे पडलात तर ती चटकन काढता येईल, तोंड प्रवाहाकडे करून आडवं सरका. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर येत असेल तर मुलाला घेऊन जायचंच नाही.

आकाशाचं तंत्र वेगळं. उन्हाळ्यात सकाळी उतार तापतात, ओलसर हवा वर चढते आणि दुपारपर्यंत ढगांचे मनोरे उभे राहतात. सकाळी निरभ्र होतं ही त्या दिवशीच्या दुपारची हमी नसते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. तितके किलोमीटर ती लांब. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वादळ तुम्हाला गाठण्याइतकं जवळ आहे: उघड्या माळावरून, उंबऱ्याच्या कडेवरून, पाण्याच्या काठावरून निघा आणि खाली सारख्या उंचीच्या दाट झाडीत उतरा. एकट्या उंच झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा उघड्यावर यायचं नाही. अंदाज बघताना जवळच्या गावाचा बघू नका, तळ्याच्या उंचीचा बघा.

'उन्हाळ्याच्या सुरुवातीला' हे शब्द वाचून मी थोडा थांबलो. बाकी सगळ्या तयारीपेक्षा या तारखेबद्दल मला जास्त शंका आहे. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या कुशीत २,००० मीटरच्या वर जूनच्या अखेरीपर्यंत, काही वर्षी त्यापुढेही बर्फ राहतो. दक्षिण गोलार्धात हेच दक्षिणेकडे तोंड असलेल्या कुशीत, डिसेंबर-जानेवारीत. म्हणून दोन तारखा हाताशी ठेवा, मध्ये तीन-चार आठवड्यांचं अंतर. निघायच्या आठवड्यात तिथल्या वनरक्षकांना किंवा उद्यानाच्या कार्यालयाला फोन करून दोनच प्रश्न विचारा: बर्फ कुठून सुरू होतो, आणि पायवाट दिसते का. त्याच फोनमध्ये परवाना लागतो का, वरचा रस्ता उघडला का, हेही विचारून घ्या. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट बघता येतात. एकच जागा साधारण दर पाच दिवसांनी टिपली जाते आणि चित्रातला एक ठिपका १० मीटरचा असतो. ढग नसलेल्या दिवसाचं चित्र मिळालं तर उंबऱ्यावर पांढरं आहे की करडं, हे घरबसल्या कळतं.

सपाट जागेतले बर्फाचे पट्टे चालून पार करायला हरकत नाही. तिरक्या उतारावरचा, सकाळी कडक झालेला बर्फ मात्र साध्या बुटांनी ओलांडायचा नाही. खाली दगड किंवा पाणी असेल तर तिथूनच मागे फिरा. खडकांच्या आणि झाडांच्या बुंध्यांलगत बर्फ आतून पोकळ झालेला असतो, पाय मांडीपर्यंत जातो. बर्फाखालून पाणी वाहत असल्याचा आवाज आला तर त्यावर पाऊल नको. आणि तळं गोठलेलं दिसलं तर त्यावर मुलाने एक पायही ठेवायचा नाही. कडेचा बर्फ आधी सुटतो.

कपड्यांबद्दल लोक खूप विचारतात, मी थोडक्यात सांगतो. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे तळं तुमच्या गाडीपेक्षा साडेचार अंश गार, वारा वेगळा. सुती कपडा घामाने भिजला की भिजलेलाच राहतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो, म्हणून अंगाला लागून सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, वर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. माणसं गारठतात ती बहुधा कडाक्याच्या थंडीत नाही. पाच-दहा अंशांत, भिजून, वाऱ्यात बसल्यावर. म्हणून तळ्यावर पोचल्यावर फोटो नंतर. आधी घामेजलेला टी-शर्ट बदला आणि जॅकेट चढवा, मगच बसा. मुलाला थंडी वाजतेय का हे विचारू नका, तो 'नाही' म्हणणार. त्याला जॅकेट घालाच. टोपी आणि काळा चष्मा चौघांनाही हवा. अतिनील किरणं दर हजार मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो.

पोहण्याचा मोह. निळं-हिरवं पाणी बघून तो होतोच. (तो रंग हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठाचा. कण इतके बारीक की तळाशी न बसता पाण्यात तरंगतात आणि प्रकाश विखुरतात. रंग जितका दुधाळ, तितका वर कुठे तरी बर्फ अजून जिवंत आहे असं समजा.) या पाण्याचं वेगळं भान ठेवावं लागतं. कॅनडातले संशोधक गॉर्डन गिसब्रेक्ट यांनी गार पाण्यासाठी १-१०-१ असा क्रम सांगितला आहे. पहिला एक मिनिट श्वास ताब्यात राहत नाही, तोंड पाण्याखाली असताना अनावर धाप लागली तर तिथेच बुडणं होतं. मग दहा मिनिटं हातापायांत काम करण्याइतकी ताकद. आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास. म्हणजे चांगला पोहणाराही आधी गारठून मरत नाही, त्याचे हात आधी थांबतात. माझा सल्ला सरळ आहे: उडी नाही, पोहणं नाही. पाय बुडवा, घोटे बधिर होईपर्यंत बसा. वडिलांनी तेही सावकाश, कारण अचानक गार पाण्याने रक्तदाब झटकन चढतो.

प्यायचं पाणी प्रत्येकी तासाला अर्धा लिटर धरा. सात तासांचं साडेतीन लिटर. सगळं खांद्यावर वाहायची गरज नाही. दीड-दोन लिटर घेऊन निघा आणि वाटेत फिल्टरने भरा. पाणी काचेसारखं असलं तरी गाळल्याशिवाय नको. वर गुरं-मेंढ्या किंवा जंगली जनावरं फिरतात आणि जिआर्डिया हा परजीवी डोळ्यांना दिसत नाही. हे पोटाचं दुखणं बहुधा आठवड्याभराने उभं राहतं, त्यामुळे ते त्या पाण्याशी कुणी जोडतही नाही. उकळायचं असेल तर २,००० मीटरच्या वर खळाखळा उकळी येऊन तीन मिनिटं ठेवा, कारण तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. फिल्टर एकदा आतून गोठला तर त्याच्या नळ्या चिरू शकतात आणि वरून काही कळत नाही, म्हणून थंडीत तो अंगावरच्या खिशात ठेवा.

खाण्यात नवं काही नको. रोज जे पचतं, हातात धरून चालता चालता खाता येतं आणि भिजलं तरी खाववतं, असं घ्या. दर पाऊण तासाला थोडं. मुलगा अचानक चिडचिडा झाला तर तो थकला असं समजण्याआधी त्याला खायला द्या.

जंगलातल्या टप्प्याला लोक फार हलक्यात घेतात, आणि वाट चुकते ती इथेच. जाताना फाटा कळत नाही, कारण दोन वाटा मागून येऊन तुमच्या वाटेला मिळालेल्या असतात; परतताना मात्र त्याच ठिकाणी निवड करावी लागते. म्हणून प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळा आणि परतताना ही जागा कशी दिसेल ते बघून ठेवा. हे काम मुलाला द्या. त्याला घड्याळ आणि 'मागे बघायची' जबाबदारी दिली की तो रेंगाळत नाही, आणि मुलांची नजर या कामात मोठ्यांपेक्षा तयार असते. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या, फोन विमान मोडवर ठेवा, थंडीत तो शर्टाच्या आत ठेवा. कागदी नकाशाही हवाच, त्याची बॅटरी संपत नाही. ओल्या मुळांवर आणि साल सुटलेल्या ओंडक्यांवर पाय देऊ नका, त्यांना ओलांडा. जोराचा वारा असेल त्या दिवशी वाळलेल्या किंवा जळक्या झाडांच्या पट्ट्यातून जाऊ नका.

गवत-झुडपांच्या भागात गोचीड असते. लांब पँट मोज्यांत खोचा आणि संध्याकाळी चौघांनीही काखा, मांडीचे सांधे, कानांमागे, केसांच्या कडेला तपासा. चिकटलेली सापडली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढून काढा. तेल लावणं, चटका देणं यांनी उलट त्रास वाढतो. अस्वलांचा भाग असेल तर तिथले नियम वनरक्षकांकडूनच समजून घ्या, आणि दाट झाडीत वळणांवर बोलत चाला.

तळ्याकाठच्या वनस्पतींना वर्षातले दोन-तीन महिनेच वाढायला मिळतात. तिथे तुडवलेला गवताचा गादीसारखा पट्टा भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. बसायचं ते खडकावर. शौचाला पाण्यापासून आणि वाटेपासून निदान ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खड्डा करून. कागद पिशवीत घालून परत. साबण तळ्यात नको, 'निसर्गपूरक' लिहिलेलाही नको. अंगाला सनस्क्रीन फासून पाय बुडवले की तेही पाण्यातच जातं, तेव्हा पाय बुडवायचे असतील तर त्यांना ते लावूच नका.

आता दोन महिन्यांची तयारी. रोजच्या चालण्याने दम टिकेल, पण उतरणीला ते पुरत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि त्याची सवय फक्त उतरूनच होते. आठवड्यातून दोनदा जिने चढा आणि मुद्दाम सावकाश उतरा, पाठीवर चार-पाच किलोची सॅक घेऊन. तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला एक लांबचं चालणं, शेवटी चार तासांपर्यंत. हे सगळं ज्या बुटांनी ट्रेक करणार त्याच बुटांनी. निघायच्या आदल्या दिवशी पायांची नखं कापा. उतरणीला बुटाच्या नाड्या घोट्याजवळ घट्ट करा, नाहीतर अंगठा पुढे ठेचत राहतो. पायाला कुठे चुरचुरलं की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी फक्त समाधानासाठी असते. काठ्या वडिलांना आणि तुम्हाला घ्याच, उतरताना त्या थोड्या लांब करा.

सॅकमध्ये वर सांगितलेल्याशिवाय प्रत्येकी एक हेडलॅम्प, प्रत्येकी. एक प्रथमोपचाराची पिशवी, वडिलांची नेहमीची औषधं दीड दिवसाची, हलकं थर्मल ब्लँकेट आणि प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. डोंगरातला मदतीचा संकेत आल्प्समध्ये १८९४ पासून चालत आला आहे: मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा प्रकाश, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा तसंच. ऐकू आल्याचं उत्तर मिनिटाला तीन. मुलाला हे घरी दोनदा करून दाखवा. आणि घरी राहणाऱ्या एका माणसाला वाटेचं नाव, गाडी कुठे लावली आणि 'पाचपर्यंत फोन आला नाही तर अमुक क्रमांकावर कळव' हे लिहून द्या. तोंडी सांगितलेलं विसरतं.

उंचीचा आजार २,१५० मीटरवर सहसा होत नाही. तो साधारण २,५०० मीटरच्या पुढे डोकं वर काढतो. तरी कुणाचं डोकं दुखून मळमळायला लागलं तर वर जाणं तिथेच थांबवा.

वडिलांबद्दल. न्या, माझं मत तसंच आहे. चौसष्टाव्या वर्षी माणसं अशा वाटा आनंदाने करतात, आणि त्यांचा संथ, सारखा वेग तुमच्या मुलालाही शिस्त लावेल. आधी त्यांच्या डॉक्टरांना नेमके आकडे सांगून विचारा: ७०० मीटर चढ, सात तास चालणं. 'ट्रेकला जाऊ का' असं मोघम विचारू नका. मग निघायच्या तीन आठवडे आधी त्यांना घेऊन ३५०-४०० मीटर चढाची एखादी वाट करा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिना न धरता उतरले तर तळ्यापर्यंत येतील. गुडघे धरून उतरले तर त्यांचा ट्रेक जंगल संपतं त्या माळापर्यंत ठेवा, आणि हे त्यांना वाटेत नव्हे तर घरीच सांगा, म्हणजे त्यांना आपण मागे राहिलो असं वाटणार नाही. तशा वेळी तुमच्यापैकी एक जण त्यांच्यासोबत माळावर थांबेल, दुसरा मुलाला घेऊन वर जाईल आणि बाराची वेळ दोघांनाही तशीच लागू राहील. त्यांचं पाणी, औषधं, जॅकेट, शिट्टी आणि हेडलॅम्प मात्र पहिल्यापासून त्यांच्याच सॅकमध्ये असू द्या. वर जाणाऱ्याच्या सॅकमध्ये काही राहून गेलं तर ते त्यांना तीन तास मिळणार नाही.